खाती गोठवा, चुली विझवू नका

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



२८ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत, ताजमहाल हॉटेलात भरली होती. त्या वर्षी समितीचे अध्यक्षपद भारताकडे होते. नरिमन हाउसमधल्या हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणाऱ्या साजिद मीरचा आवाज त्या दिवशी देशोदेशींच्या प्रतिनिधींना ऐकवण्यात आला. जिथे माणसे मारली गेली, त्याच वास्तूत बसून जगाने तो आवाज ऐकला. २६/११ला १६६ माणसे गमावलेल्या या शहराचा तो हक्कच होता आणि तो आपण बजावलात, याबद्दल मुंबईकर म्हणून मी आपला आभारी आहे.

त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ९ डिसेंबरला, न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेपुढे ठराव क्रमांक २६६४ आला. निर्बंध लादलेल्या प्रदेशांत अन्न, औषधे, निवारा पोहोचवणाऱ्या संस्थांचे व्यवहार मालमत्ता गोठवण्याच्या बंदीत अडकू नयेत, एवढेच त्यात म्हटले होते. चौदा देशांनी बाजूने मत दिले. विरोधात कोणीच नव्हते. तटस्थ राहिलेला एकमेव देश भारत होता आणि त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपदही आपल्याकडेच होते.

आपल्या प्रतिनिधींनी तेव्हा दिलेले कारण खोटे नव्हते. आमच्या शेजारात दहशतवादी संघटना मदतकार्याचे नाव घेऊन पुन्हा उभ्या राहतात, पैसा आणि माणसे गोळा करतात, हे त्यांनी सांगितले. लष्कर-ए-तैयबावर बंदी आली, तर जमात-उद-दावा पुढे आली. २६/११नंतर तिचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीत गेले, तेव्हा फलाह-ए-इन्सानियत फाउंडेशन मदतकार्यात वावरत होती. तिचे नाव यादीत यायला २०१२ उजाडले. भूकंपग्रस्तांना तंबू आणि पूरग्रस्तांना जेवण वाटत या मंडळींनी आपली दुकाने चालू ठेवली. तेव्हा भारताची शंका रास्त होती. पण त्या शंकेवरून जो निष्कर्ष निघाला, तो मला पटत नाही. पैशाची नाडी आवळताना माणसाची भाकरी आवळली जाणार नाही, याची व्यवस्था कायद्यातच असली पाहिजे आणि हे सांगण्याचा अधिकार सर्वांत जास्त भारताला आहे, असे मला वाटते. त्यासाठी हे पत्र.

आधी लंडनमधल्या एका खटल्याबद्दल सांगतो, कारण या प्रश्नाचा सगळा गाभा त्यात आहे.

सुरक्षा परिषदेच्या १९९९च्या ठराव १२६७ने तालिबानवर आर्थिक निर्बंध घातले. पुढे त्यात अल-कायदा आली आणि सप्टेंबर २००१नंतर यादी झपाट्याने वाढत गेली. युरोपीय संघाने २००२ साली आपला नियम करून ती यादी सदस्य देशांत लागू केली. यादीतल्या माणसाची मालमत्ता गोठवायची, त्याला पैसा द्यायचा नाही, आणि त्याच्या फायद्यासाठी दुसऱ्या कोणालाही द्यायचा नाही, अशी ती बंदी होती. या यादीतले काही पुरुष ब्रिटनमध्ये राहत होते. त्यांच्या बायका मात्र यादीत नव्हत्या. त्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे त्यांना सरकारकडून उत्पन्नपूरक भत्ता, मुलांचा भत्ता, घरभाड्याची मदत असे जे मिळायचे, ते त्यांचे स्वतःचे हक्काचे पैसे होते.

ब्रिटिश अर्थखात्याने, ज्याला तिथे ट्रेझरी म्हणतात, असा अर्थ लावला की या पैशातून घरात अन्न शिजते, ते अन्न नवराही खातो, म्हणजे हा पैसा नवऱ्याच्या फायद्याचा आहे. म्हणून बायकांचे भत्ते परवान्याशिवाय देता येणार नाहीत. परवाना मिळाला, पण अटींसह. पैसे ठरलेल्या बँक खात्यातच जमा व्हायचे. त्यातून रोख किती काढायची, तर घरातल्या प्रत्येक माणसामागे आठवड्याला दहा पौंड. बाकीचा खर्च कार्डाने. दर महिन्याला प्रत्येक खर्चाचा हिशेब, पावत्या आणि बँकेचे विवरण ट्रेझरीकडे पाठवायचे. नवऱ्याच्या हातात रोख दिली तर तो गुन्हा ठरेल, असा इशाराही सोबत होता.

मंत्रिमहोदय, या अटी एखाद्या आईच्या जागी बसून वाचून पाहाव्यात. पोराला शाळेच्या सहलीला द्यायचे पैसे, मंडईतली भाजी, बसचे तिकीट, सगळे त्या दहा पौंडांत. दुधाच्या पिशवीपासून अंतर्वस्त्रांपर्यंत घरातल्या प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवायची आणि सरकारी कारकुनाने ती तपासायची. कशासाठी? तिने काही केले म्हणून नव्हे. ज्याच्याशी तिचे लग्न झाले त्याच्यावर संशय आहे म्हणून. आणि त्या माणसालाही कोणत्या न्यायालयाने दोषी ठरवले म्हणून नव्हे, तर न्यूयॉर्कमधल्या एका समितीने त्याचे नाव कागदावर लिहिले म्हणून.

त्या बायका न्यायालयात गेल्या. खालच्या न्यायालयांत हरल्या. हाउस ऑफ लॉर्ड्सने २००८ साली प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला आणि २९ एप्रिल २०१० रोजी त्या न्यायालयाने ट्रेझरीचा अर्थ फेटाळला. न्यायालयाचे म्हणणे साधे होते. मालमत्ता गोठवण्यामागचा हेतू काय? दहशतवादाला पोसण्यासाठी वापरता येईल असा पैसा त्या माणसाच्या हाती पडू नये. नवऱ्याच्या ताटात पडलेल्या जेवणाने त्याची बंदूक खरेदी होत नाही. त्या बायका हे पैसे नवऱ्याकडे वळवतात असे कोणी म्हणतही नव्हते. शिवाय हे भत्ते जगायला लागेल तेवढेच असतात. त्यातून बाजूला काढून दहशतवादाला द्यायला उरणार तरी काय?

त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटनच्या नव्या सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर दुसरा निकाल दिला. ऑक्टोबर २००९ मध्ये हे न्यायालय सुरू झाले तेव्हा त्याच्यापुढे सुनावणीला आलेले हे पहिलेच प्रकरण. सरकारने संसदेत कायदा न आणता, केवळ आदेश काढून, संशयावरून माणसांची खाती गोठवली होती. न्यायालयाने ते आदेश रद्द केले. निकाल काही काळ स्थगित ठेवा, अशी सरकारची विनंतीही मानली नाही. तेव्हा लंडनमध्ये काय झाले, हे बघण्यासारखे आहे. दहशतवाद्यांना रान मोकळे झाले नाही. संसदेने काही दिवसांत तात्पुरता कायदा केला आणि डिसेंबर २०१० मध्ये पक्का कायदा केला. या पक्क्या कायद्यात एक कलम आले, जे मला आपल्यासमोर मुद्दाम ठेवायचे आहे. सामाजिक सुरक्षेच्या कायद्याखाली मिळणारा भत्ता यादीत नसलेल्या माणसाला दिला, तर तो बंदीचा भंग ठरत नव्हता, मग तो भत्ता यादीतल्या माणसासाठी मोजून दिलेला असला तरीही. परवान्याची भानगड नाही, पावत्यांची नाही. ट्रेझरी ज्यासाठी वर्षानुवर्षे भांडली, ते संसदेने एका वाक्यात सोडून दिले आणि ब्रिटनच्या सुरक्षेला त्यामुळे तडा गेला असे कोणी दाखवलेले नाही.

आता दुसरी बाजू. ती टाळून हा विषय बोलणे अप्रामाणिक ठरेल.

दहशतवादाला फार पैसा लागत नाही, म्हणून छोट्या रकमांकडेही काणाडोळा करता येत नाही, असे सुरक्षा यंत्रणा सांगतात. मुंबईइतका त्याचा पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल. २६/११च्या आदल्या दिवशी इटलीतल्या ब्रेशिया शहरातून, दुसऱ्याच माणसाची ओळख वापरून, २२९ डॉलर अमेरिकेतल्या एका इंटरनेट टेलिफोन कंपनीला पाठवले गेले. हल्लेखोर आणि त्यांचे पाकिस्तानातले सूत्रधार ज्या लाइनवर बोलत होते, ती त्या पैशांतून चालू झाली. २२९ डॉलर! त्या काळच्या भावाने साधारण अकरा हजार रुपये. साजिद मीरचा तो आवाज याच सोयीच्या बळावर मुंबईत पोहोचला.

हे वाचून वाटते की ट्रेझरीचे चुकले कुठे, दहा पौंडही मोजायलाच हवेत. पण हे पैसे गेले कसे, ते पाहा. पैसे हस्तांतर करणाऱ्या एजन्सीच्या काउंटरवरून, खोट्या नावाने गेले. कोणाच्या बायकोच्या भत्त्यातून गेले नाहीत. त्यांना अडवायचे असेल, तर काउंटरवरच्या माणसाने ओळखपत्र नीट पाहायला हवे, संशयास्पद व्यवहाराची खबर वेळेत जायला हवी, देशांच्या यंत्रणांनी एकमेकांशी बोलायला हवे. गृहिणीच्या किराण्याच्या पावत्या तपासण्यात गुंतलेला अधिकारी त्या काउंटरवर नसतो. माझी तक्रार ही आहे की निर्बंधांचा जोर जिथे चालायला हवा तिथे कमी पडतो आणि जिथे हात सहज पोहोचतो तिथे वाजवीपेक्षा जास्त चालतो.

आणि मग लखवी. झकीउर रहमान लखवी, २६/११च्या कटातले मुख्य नाव. १० डिसेंबर २००८ला तो १२६७च्या यादीत गेला. डिसेंबर २०२० मध्ये ही यादी सांभाळणाऱ्या समितीने पाकिस्तानच्या विनंतीवरून त्याला दरमहा दीड लाख पाकिस्तानी रुपये खर्चायला परवानगी दिली. त्यात अन्नासाठी पन्नास हजार, औषधांसाठी पंचेचाळीस हजार, वीज-पाण्यासाठी वीस, वकिलासाठी वीस आणि प्रवासासाठी पंधरा हजार. त्याआधी २०१९ मध्ये लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफिज सईद यालाही त्याच्या बँक खात्यातून दरमहा दीड लाख काढायची मुभा मिळाली होती. ही बातमी आली तेव्हा मुंबईत जो संताप झाला, तो माझाही होता. आजही ती यादी वाचताना हात थरथरतो. सीएसटीच्या फलाटावर ज्यांची माणसे पडली, त्यांनी हे कसे वाचावे?

तरीही, नीट विचार करता, मला त्या परवानगीतल्या तत्त्वाला विरोध करता येत नाही. ही सवलत २००२च्या ठराव १४५२मधून आलेली आहे. यादीतल्या माणसालाही अन्न, घरभाडे, औषध, कर, वीज-पाणी यांपुरता पैसा मिळावा. आपल्या देशाने हल्लेखोर कसाबलाही वकील दिला, उपचार दिले, खटला आणि अपिले शेवटपर्यंत चालवली, आणि मगच फाशी दिली. त्यात भारताची मान उंचावली. तेव्हा लखवीच्या औषधाला माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप आहे तो या तफावतीला. ज्याच्या पाठीशी एक सरकार उभे आहे, त्याच्यासाठी ते सरकार न्यूयॉर्कला पत्र लिहिते आणि कोणी हरकत घेतली नाही तर तीन कामाच्या दिवसांत रक्कम मोकळी होते. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याच्या बायकामुलांनी अर्ज कोणत्या खिडकीवर करायचा? दया म्हणून दिलेली सवलत नेहमी ओळखीच्या माणसाला आधी मिळते. म्हणूनच ती सवलत नसून हक्क असली पाहिजे.

इथून मी आपल्या घरच्या कायद्याकडे येतो. २६/११नंतर महिनाभरात संसदेने यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात कलम ५१अ घातले. यादीतल्या व्यक्तींचा पैसा गोठवणे, आणि त्यांच्या फायद्यासाठी कोणालाही पैसा किंवा आर्थिक साधन देण्यास मनाई करणे, असे दोन्ही अधिकार त्यात आहेत. ही मनाई केवळ यादीपुरती नाही. दहशतवादात गुंतल्याचा ज्याच्यावर संशय आहे, अशा कोणालाही ती लागू होऊ शकते. म्हणजे ज्या व्यापक शब्दांनी ब्रिटनमधल्या त्या बायकांना ट्रेझरीच्या दारात उभे केले, ते शब्द आपल्याकडे तसेच आहेत आणि त्यांच्या जोडीला संशयही आहे. सरकारी कार्यपद्धतीत १४५२प्रमाणे जीवनावश्यक खर्चाची सूट आहे, हे मान्य. पण ती मागावी लागते, आणि तोपर्यंत खाते बंद असते. नामसाधर्म्याने चुकून कोणाचे खाते गोठले, तर ते सोडवण्यासाठी पंधरा कामाचे दिवस धरलेले आहेत. पंधरा कामाचे दिवस म्हणजे तीन आठवडे. हातावर पोट असलेल्या घराने तीन आठवडे काय खायचे?

आज आपल्याकडे गरिबाचा जवळजवळ सगळा सरकारी आधार बँक खात्यातून येतो. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, श्रावणबाळ योजनेतले म्हाताऱ्या आईबापांचे पैसे, लाडक्या बहिणीचे दीड हजार, पोरांची शिष्यवृत्ती, रोजगार हमीची मजुरी. यामुळे मधले दलाल गेले, हे चांगलेच झाले. पण म्हणूनच एक खाते गोठले की घरातले सगळेच थांबते. मुलगा संशयित आणि खाते आईबरोबर संयुक्त, तर आईचे अनुदानही त्याच कुलपाआड जाणार. आणि बँकेचा शाखाधिकारी काय करेल? त्याच्यापुढे एकीकडे नोकरी आणि दुसरीकडे एका म्हातारीचे अनुदान असेल, तर तो खाते बंदच ठेवणार. त्याला दोष देता येणार नाही. त्याच्या हाती स्पष्ट शब्दांत लिहिलेला कागद असेल, तरच तो धीर करेल.

संशय चुकीचा ठरू शकतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. त्यांतल्या पाच जणांना आधी फाशी सुनावली होती आणि एकाचा तुरुंगातच मृत्यू झाला होता. तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे नंतर सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. दुसरा निकाल मालेगाव २००८चा, तिथे विशेष न्यायालयाने सातही आरोपींना सोडले. आरोपी वेगवेगळ्या धर्मांचे, पण घरांची दशा सारखीच. या निकालांनी स्फोटांत मेलेल्यांच्या कुटुंबांना काहीच दिले नाही, उलट त्यांची जखम पुन्हा उघडली, हे विसरून मला पुढे जाता येत नाही. या खटल्यांत वाद आर्थिक निर्बंधांचा नव्हता. पण सतरा-एकोणीस वर्षे चाललेल्या संशयाच्या काळात आरोपीच्या घरातली पोरे वाढत असतात, शाळेत जात असतात, आजारी पडत असतात. संशयाच्या पायावर त्यांचा घास थांबवायचा नाही, एवढे तरी कायद्याने म्हणावे.

संयुक्त राष्ट्रांची यादीही चुकते. २००१च्या नोव्हेंबरात सोमालियातल्या अल-बरकात या पैसे पाठवणाऱ्या जाळ्यावर घाला पडला आणि त्याचे नाव या यादीत गेले. परदेशी राबणाऱ्या सोमाली माणसांचे घरी पाठवलेले पैसे त्यात अडकले. कोकणातल्या ज्या गावांत आखाताचा पैसा येतो, तिथे कोणालाही विचारा, असा महिना कसा जातो ते कळेल. पुढे अमेरिकेच्या ९/११ आयोगाच्या अभ्यासकांनाही त्या जाळ्याविरुद्ध भक्कम पुरावा दिसला नाही. चुका होतात हे मान्य करूनच सुरक्षा परिषदेने २००९ साली यादीतून नाव काढण्याच्या अर्जांसाठी लोकपाल नेमायचे ठरवले.

आता माझे मागणे. परिषदेतून येणारी सुधारित यादी आपल्याच खात्यामार्फत गृहखात्याकडे आणि वित्तीय नियामकांकडे जाते. तेव्हा सुरुवात आपल्याकडून होऊ शकते. गृहखात्याशी बोलून कलम ५१अच्या कार्यपद्धतीत असे लिहून घ्या की, यादीत नसलेल्या कुटुंबीयांना मिळणारे रेशन, निवृत्तिवेतन, अनुदान, शिष्यवृत्ती आणि मजुरी ही या बंदीत येत नाहीत. गोठवलेल्या खात्यातून घरखर्चापुरती ठरावीक रक्कम अर्ज येईपर्यंत न थांबता पहिल्याच महिन्यापासून मोकळी व्हावी. अर्ज त्याहून जास्त हवे असेल त्याने करावा. संयुक्त खाते असेल, तर दुसऱ्या खातेदाराच्या सरकारी रकमांना त्याच आठवड्यात वेगळे खाते मिळावे. यात कोणत्याही दहशतवाद्याला एक रुपयाही जास्त मिळत नाही. दहशतवादाच्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारशींतही जीवनावश्यक खर्चाची तरतूद आहेच, त्यामुळे जगापुढे आपण सैल पडलो असे होणार नाही.

राहिला प्रश्न परिषदेचा. १२६७च्या यादीबाबत ठराव २६६४ची मुदत दोन वर्षांची होती. डिसेंबर २०२४च्या ठराव २७६१ने ती मुदत काढून टाकली, म्हणजे मदतकार्याची सूट आता कायमची झाली आहे. आपण मांडलेला धोका त्यामुळे नाहीसा झालेला नाही. पण त्यावरचा उपाय तटस्थ राहण्यात नाही. मदत करणाऱ्या संस्थांच्या हिशेबांवर कडक देखरेख हवी, नाव बदलून परत येणाऱ्यांची नोंद हवी, हा आग्रह सूट मान्य करून, आत बसूनच धरता येतो. शिवाय ही सूट मदतसंस्थांपुरती आहे. एखादे सरकार आपल्याच नागरिकांच्या बायकामुलांना देत असलेल्या भत्त्यांबद्दल परिषद आजही स्पष्ट बोलत नाही. २०२८-२९च्या तात्पुरत्या सदस्यत्वासाठी भारताने उमेदवारी जाहीर केलेली आहे. ते सदस्यत्व मिळाले, तर अशा भत्त्यांना सूट देणारा मसुदा भारताने मांडावा. घरी आपण तो आधी लागू केलेला असेल, तर परिषदेत आपले म्हणणे कोणाला टाळता येणार नाही.

मुंबईला हल्लेखोरांचे सूत्रधार हवे आहेत. त्यांचे पैसे, त्यांची जमीन, त्यांच्या संस्था, त्यांचे नवे नवे मुखवटे, सगळे गोठवा आणि त्यात कसूर करू नका. पण त्या कारवाईत कोणाच्या पोराची फी, कोणाच्या आईचे औषध आमच्या नावाने अडवले जाऊ नये, एवढे या शहरातला एक रहिवासी म्हणून मी आपल्याला कळकळीने सांगतो.

आपला,
एक मुंबईकर